बुंध्याशी मोकळी माती: देहू, आहुपे, पेमगिरी, म्हसवे

जुनी झाडं बघायला मे महिन्यात निघालं की घरचे वेड्यात काढतात. ऊन मी म्हणत असतं, पण झाड नीट वाचायचं असेल तर हाच महिना बरा. गवत वाळलेलं असतं, त्यामुळे वर आलेली मुळं दिसतात. वड-पिंपळाची नवी पालवी पूर्ण उलगडलेली असते, म्हणून दुपारच्या सावलीच्या कडेवरून विस्तार मोजता येतो. शिवाय याच सुमाराला भीमाशंकरच्या डोंगरात हिरड्याचा हंगाम चालू असतो आणि गावातली जाणती माणसं झाडाखालीच सापडतात.

रस्ता असा: पुण्याहून देहू-आळंदी, तिथून मंचर-घोडेगावमार्गे आहुपे, मग संगमनेरजवळचं पेमगिरी आणि शेवटी खाली साताऱ्याकडे म्हसवे. नकाशावर हा वळसा वेडावाकडा दिसतो, पण झाडं आपल्या सोयीने उगवलेली नाहीत. सोबत घ्यायचं सामान: तीस मीटरची कापडी टेप, सुतळीचा गुंडा, होकायंत्र (मोबाईलमधलं चालतं), वही आणि भरपूर पाणी.

पहिला दिवस: देहू आणि आळंदी

देहूत वैकुंठगमन मंदिरापाशी नांदुरकीचं झाड आहे. नांदुरकी म्हणजे नांदरुक, वडा-पिंपळाच्याच कुळातलं. पान लहान, जाड, चकचकीत आणि सावली वडापेक्षाही दाट. फाल्गुन वद्य द्वितीयेला, तुकाराम बीजेच्या दुपारी १२ वाजून २ मिनिटांनी हे झाड हलतं अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. त्या क्षणी सगळे झाडाच्या दिशेने फुलं उधळतात. एरवी सकाळी सहा-साडेसहाला इथे चार-दोन म्हातारे वारकरी आणि इंद्रायणीकडून येणारा वारा, एवढंच असतं.

त्यातल्या एका बाबांना विचारलं, झाड खरंच हलतं का? त्यांनी वर बघितलंच नाही. म्हणाले, "वर काय बघता, खाली बघा. झाडाचा जीव पायात असतो. माणूस उभा राहतो तो त्याच्या मुळीवरच." मग त्यांनी काठीने बुंध्यापासून लांबवर जमिनीवर एक रेघ ओढून दाखवली: मुळी इथवर आलेली असते, म्हणून फुलं लांबूनच टाकावीत. शास्त्र काही वेगळं सांगत नाही. मोठ्या झाडाची अन्नपाणी ओढणारी बारीक मुळं बहुतेक वरच्या दीड-दोन फूट मातीतच असतात आणि फांद्यांच्या घेराच्याही बऱ्याच बाहेर पसरलेली असतात. सोटमूळ खोल गेलंय, वरून काही केलं तरी झाडाला फरक पडत नाही, हा समज कितीतरी जुन्या झाडांच्या मुळावर आला आहे.

इथेच पाराबद्दल बोलून घेऊ, कारण पुढच्या प्रवासात गावोगावी पारच दिसत राहतात. जुना पार सुक्या दगडांचा असे. दगडांच्या फटींत चुना-सिमेंट नसल्याने पाणी आत मुरे, हवा खेळे, आणि खोड जाड झालं की दगड आपोआप सरकत. आता सर्रास सिमेंटचा पार बुंध्याला घासून बांधतात आणि वर फरशी बसवतात. यात तीन गोष्टी बिघडतात. पावसाचं पाणी फरशीवरून वाहून जातं. मुळांना हवा मिळत नाही. आणि सिमेंट सालीला टेकतं तिथे ओल साचून साल कुजते, तिथूनच बुरशी आत शिरते. झाड लगेच मरत नाही, ही खरी पंचाईत. शेंडे वाळायला काही वर्षं लागतात आणि तोवर पाराचा कोणाला संशयही येत नाही.

असा पार दुरुस्त करायचा तर बुंध्याभोवती निदान तीन-चार फुटांचं वर्तुळ मोकळं करावं. सगळा पार एकदम फोडू नये, कारण आतली मुळं सिमेंटच्या आधाराने वाढलेली असतात. आधी एक बाजू, पुढच्या उन्हाळ्यात दुसरी. मोकळ्या जागेत वाळका पाला दोन-तीन इंच पसरावा, पण सालीपासून चार बोटं लांब. नवी माती बुंध्यावर चढवू नये. वीतभर भर टाकली तरी खालची मुळं गुदमरतात.

आळंदी तिथून जवळच. ज्ञानेश्वर महाराजांच्या समाधी मंदिराच्या आवारात अजानवृक्ष आहे आणि त्याच्या सावलीत ज्ञानेश्वरी मांडीवर घेऊन पारायणाला बसलेली माणसं. पहिल्यांदा बघणाऱ्याची निराशा होते. अवाढव्य बुंधा, जटा, असलं इथे काही नाही. अजानवृक्ष म्हणजे दातरंग, मध्यम उंचीचं झाड. थंडीच्या शेवटी त्याला पांढऱ्या बारीक फुलांचे घोस येतात. झाडाची थोरवी खोडाच्या जाडीवर ठरत नाही हे समजायला आळंदी चांगली जागा आहे.

कथा सगळ्यांना ठाऊक आहे: ज्ञानेश्वरांनी १२९६ साली समाधी घेतली, त्यानंतर जवळजवळ तीन शतकांनी अजानवृक्षाची मुळी त्यांच्या कंठाला लागली आणि ती दूर करायला एकनाथ महाराज पैठणहून आळंदीला आले. त्यानिमित्ताने हरवलेली समाधी पुन्हा सापडली. या कथेतली मला आवडणारी बाब अशी की मुळी बाजूला झाली आणि वृक्ष तसाच राहिला. मुळी त्रास देते म्हणून झाड आडवं करा, असं कोणी सुचवलं नाही. घराच्या जोत्यात पिंपळाची मुळी शिरली की आपण नेमकं उलट करतो.

*जाणाऱ्यांसाठी:* एकादशी, कार्तिकी आणि वारीचे दिवस सोडून जावं. दोन्ही ठिकाणं सकाळी नऊच्या आत उरकली तर दुपारपर्यंत घोडेगाव गाठता येतं.

दुसरा दिवस: आहुपे

घोडेगाव सुटलं की डिंभे धरणाचं पाणी बराच वेळ सोबत करतं. मग वळणं सुरू होतात, मोबाईलची रेंज जाते आणि बांधाबांधावर हिरडे दिसायला लागतात. आहुपे सह्याद्रीच्या अगदी धारेवरचं गाव. पश्चिमेला कडा कोसळतो आणि आहुपे घाटाची पाऊलवाट खाली मुरबाड तालुक्यातल्या खोपिवलीला उतरते. घोड नदीचा उगम याच भागातला. वस्ती महादेव कोळ्यांची.

गावाला लागून भैरवनाथाची देवराई आहे. बाहेर कातळावर पाय भाजत होते, आत शिरताच अंगावर ओलसर गारवा आला. डोळे सरावायला जरा वेळ लागतो. वर जांभूळ, आंबा, हिरडा यांचं छत, त्याखाली अंजनीसारखी ठेंगणी झाडं आणि त्याखाली पालापाचोळ्याचा थर. हात खुपसला तर मनगटापर्यंत गेला. वरचा थर कुरकुरीत, मधला ओला आणि चिकट, तळाशी काळी भुसभुशीत माती. बाहेरची विहीर आटत आली असताना आतली माती ओली होती. धारेवरच्या गावात नदीच्या उगमापाशी एवढं रान का राखलं असेल, ते हाताला कळतं.

वाट दाखवायला गावातले एक आजोबा आले होते. वय विचारलं तर म्हणाले, "गारंबीला विचारा, तिनं पाहिलंय मला पाळण्यात." ही गारंबी म्हणजे इथली महाराणी. जाडजूड लाकडी वेल, एका झाडावरून दुसऱ्यावर, तिथून तिसऱ्यावर गेलेली. खोड कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं याचा पत्ता लागत नाही. तिच्या शेंगा हातभर, काही मीटरभर लांब. एक वाळकी शेंग खाली पडलेली होती, ती जवळून बघण्यासारखी. शेंग तडकून उघडत नाही. तिचे बियागणिक चौकोनी तुकडे पडतात, एकेक करून गळतात आणि मागे शेंगेच्या दोन्ही कडांची शिवण रिकाम्या चौकटीसारखी लटकत राहते. प्रत्येक तुकड्यात एक चपटी, गुळगुळीत, तपकिरी बी. कवच इतकं टणक की बी पाण्यावर तरंगत दूर जाते तरी आत पाणी शिरत नाही.

वर बघायला विसरू नका. छताशी जिथे फांद्या एकमेकींत गुंतल्यात तिथे काटक्या-पानांची मोठी घरटी दिसतात, ती शेकरूची. एक शेकरू अनेक घरटी बांधतं आणि जमिनीवर क्वचितच उतरतं. म्हणून त्याला एकसंध छत लागतं. मधलं एक मोठं झाड पडलं की त्याचा रस्ताच तुटतो. गारंबीसारखे वेल तोडले तरी तेच.

आजोबांकडून देवराईचे नियम ऐकले. चप्पल बाहेर. कोयता-कुऱ्हाड आत नाही. पान तोडायचं नाही. इथवर कुठल्याही देवळात ऐकू यावेत असेच नियम. खरा नियम पुढचा: पडलेलं लाकूडही उचलायचं नाही. वादळात आंबा उन्मळला तर तो तिथेच कुजणार. देवळाच्या वाशासाठी लाकूड हवं असेल तर देवाला कौल लावायचा, कौल मिळाला तरच, आणि तेही देवळापुरतं. चुलीला सरपण म्हणून एक काटकीसुद्धा नाही.

"कुजून वाया नाही का जात?" यावर आजोबांनी एक आडवा ओंडका पायाने हलकेच दाबला. तो भिजलेल्या पावासारखा दबला. "वाया कसं? झाड उभं होतं तवा एकलंच होतं. आता ह्याच्यावर किती जण बसलेत बघा की." ओंडक्यावर बुरशीचे पंखे, भुंगेऱ्यांची भोकं, शेवाळ आणि शेवाळात जांभळाची दोन पानांची रोपं होती. पावसाळ्यात भीमाशंकर-आहुप्याच्या या रानात रात्री कुजक्या काटक्या हिरवट उजळतात, ती याच बुरशीची करामत. सरपण गोळा होणाऱ्या रानात ती दिसत नाही, कारण तिला ओलं, पडून राहिलेलं लाकूड लागतं. पडलेलं लाकूड न उचलण्याचा एक नियम पाळला की माती, ओल, बुरशी, रोपं अशी सगळी साखळी आपोआप सांभाळली जाते. नियम घालणाऱ्यांनी ती कुठे लिहून ठेवली नाही, देवाच्या नावावर केली, एवढंच.

देवराया अभ्यासकांच्या नजरेत आणून देण्याचं मोठं काम माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी केलं. पश्चिम घाटातल्या देवरायांवरचा त्यांचा शोधनिबंध १९७६ सालचा. त्याच काळात श्रीवर्धनजवळच्या गाणी गावातल्या लोकांनी आपली काळकाईची राई तुटू नये म्हणून मदत मागितली होती. ओढ्याचं पाणी त्या राईमुळे टिकतं हे त्यांचं म्हणणं. तिथेही मुद्दा पाण्याचाच.

आता कळीचं दुखणं. देवराया कुऱ्हाडीने कमी आणि जीर्णोद्धाराने जास्त कमी होतायत, असं माझं मत आहे. उघड्यावरचा शेंदराचा तांदळा, म्हणजे देव म्हणून पुजलेला अनघड दगड, जाऊन सिमेंटचा गाभारा येतो. मग सभामंडप, मग गाड्या यायला रस्ता, मग पेव्हर ब्लॉक. प्रत्येक वेळी चार-पाच झाडं जातात, तीही देवाच्याच कामासाठी, त्यामुळे कोणी हरकत घेत नाही. आणि छताला भोक पडलं की ऊन जमिनीवर येतं, पाला वाळतो, कडेकडेने घाणेरी शिरते. राई निरोगी आहे का हे ओळखायची सोपी खूण: कडेपासून आत पन्नास पावलं चालल्यावरही घाणेरी दिसत असेल तर छत फाटलेलं आहे.

रात्री मुक्काम गावातच. तांदळाची भाकरी, कैरीची चटणी, पिठलं आणि नंतर टोपलीभर करवंदं. हॉटेल शोधू नका. आधी गावात फोन करून ठेवला तर घरगुती जेवण आणि पडवीत झोपायला जागा मिळते.

तिसरा दिवस: हिरडा आणि वळीव

सकाळी गावातला प्रत्येक कातळ हिरव्या-काळ्या ठिपक्यांनी भरलेला होता. बाळहिरडा वाळत घातलेला. हिरड्याचं फळ आतली अठळी टणक व्हायच्या आत, म्हणजे साधारण मार्च ते मेमध्ये काढलं की तो बाळहिरडा. तेच फळ झाडावर पिकू दिलं की थंडीत मोठा, पिवळट हिरडा मिळतो. इथल्या घरांची वर्षाची रोकड मुख्यतः बाळहिरड्यावर, त्यामुळे बांधावरची म्हातारी झाडं जमिनीच्या वाटणीत शेतासारखीच मोजली जातात.

एक आजी फळं पसरत होत्या. वाळलं का हे कसं कळतं, असं विचारल्यावर त्यांनी मूठभर फळं कानाशी नेऊन वाजवली. ओल्या फळांचा आवाज बसका, वाळलेल्यांचा खड्यांसारखा कोरडा. दुसरी परीक्षा दाताची: चावलं तर तुटावं, दबू नये. रंग काळा आणि अंगावर सुरकुत्या दाट हव्यात. थर एका फळाचाच ठेवायचा. ढीग केला तर मधली फळं घाम सोडतात आणि बुरशी धरते. मातीवर वाळवू नये, कारण चिकटलेली माती नंतर निघत नाही आणि व्यापारी भाव पाडतो. कातळ नसेल तर ताडपत्री, पण ती रात्री उचलावी लागते, खालून दव धरते.

झाडावरून फळ काढायच्या दोन रीती. जुनी रीत म्हणजे झाडावर चढून काठीने झोडायचं. नवी, घाईची रीत म्हणजे फळांनी लगडलेली डहाळीच तोडून खाली आणायची आणि बसून ओरबाडायची. दुसऱ्या रीतीने दिवसाचं काम दोन तासांत होतं, पण पुढच्या वर्षी त्या बाजूला फळ धरत नाही. आजींचं त्यावरचं बोलणं छापण्यासारखं नव्हतं. त्यांच्या घरचा आणखी एक रिवाज होता: शेंड्याकडच्या फांद्यांना हात लावायचा नाही. तिथली फळं पिकतात, गळतात, जनावरं-पाखरं नेतात. सगळंच बाळपणी काढलं तर रुजायला बी उरत नाही. बांधावर म्हातारे हिरडे भरपूर आणि कोवळं रोप एकही नाही, असं दिसलं तर त्या गावात हा रिवाज मोडलाय समजावं.

दुपारी तीनच्या सुमाराला कड्याच्या बाजूने ढग वर चढला. आजींनी आभाळाकडे एकदा बघून नुसती हाक मारली आणि क्षणात सगळी वाडी कातळावर. झाडू, सुपं, पोती. लहान पोरांपासून सगळे वाकून हिरडा ओढत होते. आम्हीही लागलो. अर्धा कातळ उरकला आणि टपोरे थेंब आले. पुढची वीस मिनिटं काही दिसलं नाही. भिजलेला माल पोत्यात ठेवून चालत नाही, एका रात्रीत पांढरा होतो. तो घरात चटयांवर पातळ पसरतात आणि चूल धुमसती ठेवतात. धुराने बुरशी थांबते, फळाला थोडा वास राहतो, भाव जरा कमी मिळतो, पण माल हातचा जात नाही.

*जाणाऱ्यांसाठी:* मेच्या उत्तरार्धात वळीव रोज येऊ शकतो. दुपारी दोननंतर कड्याच्या टोकाला थांबू नये, विजा पडतात. आसपासचं बरंच जंगल भीमाशंकर अभयारण्याचं आहे, तिथे गावातला माणूस सोबत असल्याशिवाय आडवाटेला शिरू नये. आहुपे घाट पावसाळ्यात निसरडा, नवख्यांनी टाळावा. गारंबीची बी आठवण म्हणून खिशात घालायचा मोह होतो. नियम पाहुण्यांनाही लागू आहे.

चौथा दिवस: पेमगिरीचा वड

रात्री संगमनेर गाठलं. तिथून पेमगिरी वीसेक किलोमीटर. गावावर भीमगड ऊर्फ शहागड उभा आहे. शहाजीराजांनी निजामशाहीच्या बाल वारसाला गादीवर बसवून कारभार हाकला तो याच गडाच्या आधाराने, १६३३ च्या सुमाराला. गड तासाभरात होतो. आम्ही वडाकडे वळलो.

लांबून राईच वाटते. जवळ गेल्यावर कळतं की एकच झाड आहे. विस्तार साडेतीन एकर सांगतात. आत जाखाई आणि जाखमतबाबाचं ठाणं. जाखमतबाबा वाघाशी झुंजताना गेला, त्याच्या जागेवर हा वड वाढला, अशी गावातली कथा. वडाखाली बसलेल्या म्हाताऱ्यांपैकी प्रत्येकाने ती थोडी वेगळी सांगितली आणि मग खरी कोणाची यावर त्यांचंच जुंपलं.

वय किती, हा प्रश्न प्रत्येक जुन्या झाडापाशी येतो आणि वडापाशी त्याचं उत्तर फार जपून घ्यावं. सागाच्या खोडात वर्षागणिक वलयं स्पष्ट उमटतात, वडात ती भरवशाची नसतात. शिवाय वडाचा विस्तार पारंब्यांनी होतो, मूळ खोड कुजून गेलं तरी झाड चालू राहतं. मग वय कुठल्या खोडाचं मोजणार? वयापेक्षा माप घ्यावं, ते दहा वर्षांनी पुन्हा तपासता येतं. पद्धत अशी:

खोडाचा घेर जमिनीपासून १.३७ मीटरवर, म्हणजे साधारण छातीच्या उंचीवर मोजतात. जमीन उतरती असेल तर उंची चढाच्या बाजूने धरायची. टेप आडवी सरळ हवी, मागच्या बाजूला ती हमखास खाली सरकते, म्हणून दोन माणसं लागतात. वडाच्या बाबतीत मुख्य खोड वेगळं आणि जमिनीत रुजलेल्या पारंब्या वेगळ्या मोजायच्या. एक फुटापेक्षा जास्त घेर असलेल्याच पारंब्या धराव्यात, नाहीतर संध्याकाळ होते. मोजलेल्या पारंबीला सुतळीची सैल गाठ मारायची, म्हणजे दुबार मोजणी होत नाही. निघताना सुतळी सोडायची. विस्तारासाठी उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम अशी दोन मापं. दोघांचा गुणाकार करून ०.७८५ ने गुणलं की सावलीचं क्षेत्रफळ मिळतं.

पारंबी जमिनीला टेकेपर्यंत दोरीसारखी बारीक असते. टेकून रुजली की झपाट्याने जाड होते आणि वरच्या फांदीचा खांब बनते. लांब आडव्या फांदीला वेळेत खांब मिळाला नाही तर ती स्वतःच्या वजनाने खोडापाशी फाटते. म्हणून म्हाताऱ्या वडाची सेवा करायची तर पारंब्या उतरवाव्यात. उभा चिरलेला जाड बांबू घ्यायचा, आतली पेरं फोडायची, त्यात माती, शेणखत आणि नारळाच्या शेंड्या भरायच्या, पारंबीचं टोक त्यात सोडून दोन्ही फाका सैल बांधायच्या. खाली फूटभर खड्डा भुसभुशीत करून ठेवायचा. उन्हाळ्यात बांबू ओला ठेवावा लागतो. पारंबी रुजून ताठ झाली की बांबू काढायचाच, राहिला तर तो पारंबीला काचतो. फसतं कुठे? गुरं कोवळी टोकं खातात आणि पोरं झोके घेतात. खाली काटेरी फांद्यांचं कुंपण घातलं तर दोन्ही थांबतं, असं तिथले म्हातारे म्हणाले. बालपणी आपण याच पारंब्यांवर लोंबकळलो, हेही त्यांनीच हसत कबूल केलं.

वडाखाली जेवणावळी होतात, तेव्हा चुली कुठे मांडतात तेवढं बघावं. बुंध्याशी जाळ केला की साल बाहेरून काळी दिसते, पण आतला जिवंत थर कधीच भाजून गेलेला असतो. जेवणाच्या चुली सावलीबाहेर हव्यात. वटपौर्णिमेच्या सुती दोऱ्याने वडाचं काही बिघडत नाही, तो वर्षभरात कुजतो. नायलॉनचा दोरा, फ्लेक्स टांगायचे खिळे आणि रोषणाईच्या वायरी मात्र खोडात रुतत जातात.

बाहेर पडताना सांगली जिल्ह्यातल्या भोसे गावच्या वडाची चर्चा निघाली. महामार्गाच्या रुंदीकरणात जाणार होता, २०२० साली लोकांनी आवाज उठवला, रस्त्याची आखणी बदलली. आणि २०२२ च्या पावसाळ्याच्या तोंडावर तो कोसळला. तिथले एक जण पटकन बोलून गेले, "झाड वाचवलं हो, पण त्याची जागा वाचवली का?" देहूच्या बाबांनी काठीने ओढलेली रेघ डोळ्यांसमोर आली.

पाचवा दिवस: म्हसवे

पेमगिरी ते सातारा जिल्हा हा प्रवास लांबचा आणि रटाळ, तो रात्रीत उरकावा. सकाळी पाचवडहून कुडाळकडे जाणाऱ्या रस्त्याने वैराटगडाच्या पायथ्याशी म्हसवे गाव लागतं, तालुका जावळी.

या वडाची जुनी मोजणी उपलब्ध आहे, हे त्याचं वैशिष्ट्य. ली-वॉर्नर या इंग्रज अधिकाऱ्याने १८८२ साली नोंदवलेले आकडे: सावलीचा घेर १,५८७ फूट, उत्तर-दक्षिण ५९५ फूट, पूर्व-पश्चिम ४४२ फूट. वरच्या पद्धतीने गणित केलं तर सुमारे दोन लाख सहा हजार चौरस फूट, म्हणजे पावणेपाच एकरांच्या आसपास. जगातल्या सगळ्यात मोठ्या वडांमध्ये त्याची गणना होत असे.

आज तिथे उभं राहिलं तर एकसंध छत दिसत नाही. वडाचे वेगवेगळे पुंजके दिसतात, मध्ये मोकळी जागा, शेतं. यावरून वड मेला असं समजू नये. हावड्याच्या वनस्पती उद्यानातल्या प्रसिद्ध वडाचं मूळ खोड बुरशीने सडलं आणि १९२५ साली कापून काढावं लागलं, तरी झाड पारंब्यांवर जोमाने पसरतंच आहे. फरक इतकाच की तिथे पारंबी उतरायला जागा राखलेली आहे. इथे पारंबी जिथे टेकणार तिथे नांगर फिरतो. नांगराचं फाळ वीतभर खोल जातं आणि बारीक मुळं नेमकी तेवढ्याच खोलीवर असतात.

बांधावर बसलेल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला हे सगळं आधीच ठाऊक होतं. तो म्हणाला, "आमच्या आज्याच्या टायमाला बैल सावलीत नांगराला जुपायचे न्हाईत. सावली पडंल तितकं रान वडाचं." मग ती सावलीतली जमीन पडीक ठेवली की नुकसान? "सावलीत ज्वारी येती का? न्हाई येत. मग नांगरून काय उपेग?" या हिशेबात भक्तीचा प्रश्नच नव्हता. ट्रॅक्टर आल्यावर हिशेब बदलला, कारण भाड्याने आलेला ट्रॅक्टर वडासाठी वळसा घालत नाही, सरळ रेघ मारून मोकळा होतो.

कायद्याचा आधार इथे किती? महाराष्ट्रात नागरी क्षेत्रातल्या झाडांसाठी १९७५ चा कायदा आहे आणि २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा मिळाला. तोडावंच लागलं तर झाडाच्या वयाइतकी रोपं लावण्याची अटही आली. पण हा कायदा शहरांचा. म्हसवे, पेमगिरी, आहुपे त्याच्या बाहेर. गावाच्या हातात दुसरं हत्यार आहे: २००२ च्या जैवविविधता कायद्याखाली प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही असायला हवी. त्या नोंदवहीत झाडाचं नाव, गट क्रमांक, घेर, दोन्ही दिशांचा विस्तार, मोजणीची तारीख, फोटो आणि त्याबद्दलचे रिवाज सांगणाऱ्या म्हाताऱ्यांच्या तोंडची माहिती लिहून घ्यावी. मोठी जागा असेल तर जैविक वारसा स्थळाचा प्रस्तावही पाठवता येतो. सिंधुदुर्गात बांबर्डे-हेवाळे इथे जायफळाच्या कुळातल्या झाडांची दलदल गावाने देवाची म्हणून राखली होती, तिला हा दर्जा मिळाला.

म्हसव्याला निम्मा दिवस पुरतो. सकाळी लवकर जावं, उभ्या पिकातून चालू नये, मोजायला शिरण्याआधी शेतमालकाला विचारावं. माप घ्यायचंच असेल तर पुंजके वेगवेगळे मोजून प्रत्येकाची जागा मोबाईलच्या नकाशावर खुणावून ठेवा. १८८२ च्या आकड्यांशी थेट तुलना करायला सगळ्यात बाहेरच्या पुंजक्यांमधलं उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम अंतर लागेल. एका वडाचे पुंजके कोणते आणि नंतर पाखरांनी बी टाकून उगवलेले वेगळे वड कोणते, हे नुसतं बघून ठरत नाही. ते बांधावरच्या माणसाला विचारावं, त्याला प्रत्येक खोड कोणाच्या हयातीत आलं ते माहीत असतं.